ग्वाल्हेरची मराठी आणि शिलुकांचा राजा

सीमाभागातील सभांमध्ये एक वाक्य आम्ही गेली तीस वर्षे ऐकत आलो आहोत. तरुणपणी ते आम्ही स्वतःही व्यासपीठावरून उच्चारले आहे. 'येथे मराठी राज्य असते तर मराठीवर ही वेळ आली नसती.' वाक्याला टाळी हमखास मिळते. परंतु वकिलीच्या पेशात एक खोड जडते. विधान कितीही आवडते असले, तरी त्यास पुरावा काय, असे मन विचारू लागते. या विधानाची तपासणी करावयाची, तर सिंहासनावर मराठी घराणे आणि रयत मात्र अन्य भाषेची, असे एखादे ठिकाण शोधावे लागेल. मग राजसत्ता भाषेला किती तारते, हे मोजता येईल. असे ठिकाण दूरचे नाही. ते ग्वाल्हेर.

महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस वारले. त्यांच्या मागून दौलतराव आले. १८०३ च्या युद्धात दिल्ली आणि लासवारी येथे त्यांच्या कवायती पलटणींचा मोड झाला, आणि १८१० च्या सुमारास त्यांची फिरती छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली. टॉमस ब्रॉटन नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी १८०९ साली या छावणीबरोबर हिंडत होता. त्याने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यांतून दिसते ते एक चालते शहर: बाजार, कर्जदार, सावकार, थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसलेले शिपाई. हे शहर एके ठिकाणी थांबले आणि त्यालाच 'लष्कर' हे नाव पडले. आजही जुने ग्वाल्हेर, मुरार आणि लष्कर मिळून ते नगर होते.

लष्करात हिंडताना मराठी माणसाला जागोजागी ओळखीचे शब्द भेटतात, पण त्यांची वेषभूषा बदललेली असते. शहराच्या मध्यावरील चौक 'महाराज बाडा' म्हणून ओळखला जातो. हा आपला वाडाच. हिंदी जिभेवर 'व'चा 'ब' झाला, एवढेच. 'फालका बाजार' म्हणजे फाळके सरदारांचा बाजार. 'शिंदे की छावनी' या नावात दोन शब्द आपले, पण त्यांना जोडणारा प्रत्यय हिंदी. 'कंपू' हे त्यांतील सर्वांत मौजेचे नाव. द बॉयनने महादजींसाठी उभारलेल्या कवायती फौजेला मराठी कागदांत 'कंपू' म्हणत. युरोपीय 'कॅम्प'चे ते मराठी रूप. फौज गेली, भाषा गेली, मोहल्ल्याच्या पाटीवर शब्द तेवढा राहिला. खुद्द राजघराण्याचे नावही पाटीवर 'शिंदे' राहिले नाही. इंग्रजी कागदांतून फिरून ते हिंदीत 'सिंधिया' होऊन परतले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी आमच्या गावाचे अधिकृत नाव बदलले, तेव्हा आम्ही किती तळमळलो! येथे तर राजाचेच आडनाव बदलले आणि कोणी अर्जही केला नाही.

मग या राज्यात मराठी होती कोठे? होती, आणि थोडीथोडकी नव्हती. महादजी आणि दौलतराव यांचा पत्रव्यवहार मोडी लिपीत, मराठीत चाले. शिंद्यांचे वकील उत्तर हिंदुस्थानातील दरबारांतून मराठीत बातमीपत्रे धाडीत. कोट्याच्या गुळगुळे घराण्याचे दप्तर हा त्याचा मोठा पुरावा: राजपुतान्यात बसलेला मराठी कारभारी तेथील खंडणीचा, लढाईचा, लग्नकार्याचा मजकूर मोडीत लिहितो आहे. सरदार मराठी, फडणीस मराठी, देवघरातले पुजारी मराठी, मुदपाकखान्यातील स्वयंपाक मराठी. पण मुलखात सारा भरणारा कुणबी, बाजारातला बनिया, पलटणीतला शिपाई? कवायती पलटणींत भरती होती ती मुख्यतः अवध आणि पूर्वेकडील मुलखांतल्या पुरबियांची. म्हणजे ज्या फौजेच्या बळावर हे मराठी राज्य उभे होते, ती फौज आपसांत हिंदुस्थानी बोलत होती.

यात अधिक स्पष्ट चित्र हवे असेल, तर जून १८५८ पाहावा. १ जून रोजी जयाजीराव शिंदे आपली फौज घेऊन मुरारजवळ उभे राहिले. समोर तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या लक्ष्मीबाई. जयाजीरावांचे दिवाण दिनकरराव राजवाडे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखचे. या दिवशी रणांगणाच्या दोन्ही बाजूंच्या प्रमुखांच्या घरची भाषा एकच होती: मराठी. आणि दोन्ही बाजूंच्या शिपायांचीही एकच होती, ती मात्र हिंदुस्थानी. शिंद्यांचे शिपाई समोरच्यांना जाऊन मिळाले आणि महाराजांना आग्र्याचा रस्ता धरावा लागला. त्याची कारणे अर्थातच भाषिक नव्हती, आणि आम्ही तसा दावा करीत नाही. परंतु राज्यातली भाषिक उतरंड त्या एका दिवशी उघडी पडली: वर मराठीचा पातळ थर, खाली सारा मुलूख दुसऱ्या भाषेचा.

शिवाय तो मुलूख भाषेच्या दृष्टीने रिकामा नव्हता. १४८६ ते १५१६ या काळात राजा मानसिंह तोमराच्या दरबारी ध्रुपदाला बहर आला तो तेथल्याच बोलीत. व्रजभाषेलाच एके काळी 'ग्वालियरी' म्हणत, असे प्रतिपादन करणारे हरिहरनिवास द्विवेदी यांचे 'मध्यदेशीय भाषा' हे पुस्तक आमच्यासारख्यांनी अवश्य वाचावे. आपण तेथे गेलो ते एका समृद्ध भाषेच्या घरात गेलो, आणि वरच्या माडीवर बिऱ्हाड केले. माडीवरून खालच्यांना आपली भाषा शिकवावी, अशी गरज आपल्याला वाटली नाही. त्यांनाही ती शिकावीशी वाटली नाही. विसाव्या शतकात संस्थानच्या कचेऱ्यांचा कारभार हिंदीत चालत होता आणि 'जयाजी प्रताप' हे दरबारचे पत्रही हिंदीत निघे. म्हणजे मराठी राजाच्या हयातीतच, कोणा परक्याची सक्ती नसताना, मराठी राज्याच्या कागदावरून उतरली होती.

राजा आणि भाषा यांचे नाते याहून निराळे असू शकते काय, याचा शोध घेताना आम्हांला आफ्रिकेतील शिलुक लोकांविषयीचे लेखन सापडले. (आफ्रिकेचे नाव निघताच आमच्या वाचकांना खानापूर-हल्याळच्या जंगलांतील सिद्दी बांधव आठवतील. त्यांची घरची कोंकणी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) शिलुक राहतात ते आजच्या दक्षिण सुदानात, श्वेत नाईलच्या मुख्यतः पश्चिम काठाने. गुरे पाळणारे, मासे धरणारे, ज्वारी पिकविणारे हे लोक स्वतःला 'चोलो' म्हणवितात. अचोली, अनुआक, लुओ या भाषांशी त्यांच्या भाषेचे जवळचे नाते आहे. ती भाषा कानाने ऐकावी अशी आहे. आपल्याकडे स्वर ऱ्हस्व की दीर्घ, एवढाच प्रश्न असतो, आणि तोही आपण शुद्धलेखनाच्या पुस्तकात ठेवून दिला आहे. शिलुकमध्ये स्वराची लांबी तीन पायऱ्यांची आहे: ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ. त्यावर सुरांचे चढउतार. केवळ लांबी वा सूर बदलला की शब्दाचे व्याकरण बदलते. एकवचन-अनेकवचनाचा भेदही अशा आंतरिक बदलांतून होतो. डीड्रिख वेस्टरमन या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये शिलुक लोक, त्यांची भाषा आणि लोककथा यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही भाषा विद्वानांच्या परिचयाची झाली.

त्यांच्या राजाला 'रेथ' म्हणतात. त्याची राजधानी फशोदा. (१८९८ साली ज्या फशोद्यावरून इंग्रज आणि फ्रेंच हातघाईवर येण्याच्या बेतात होते, ते नाव शाळेच्या इतिहासात काहींनी वाचले असेल.) परंपरा अशी की न्यिकांग नावाचा मूळपुरुष आपले अनुयायी घेऊन दुरून आला आणि नदीकाठी वसला. म्हणजे तोही बाहेरून आलेला, आपल्या शिंद्यांसारखाच. पण पुढचा मजकूर निराळा. वाटेत भेटलेली, जिंकलेली, शरण आलेली माणसे त्याने आपल्यात सामावून घेतली, आणि शिलुकांतील अनेक कुळे आपली उत्पत्ती अशा निरनिराळ्या लोकांपासून सांगतात. आज ती सारी कुळे एकच भाषा बोलतात. नव्या रेथच्या राज्यारोहणाचा विधी तर विलक्षण आहे. न्यिकांगची प्रतिमा अकुर्वा येथील मंदिरातून निघते, तिच्यासोबत सैन्य असते. नियोजित राजाच्या सैन्याशी तिची लुटुपुटूची लढाई होते, आणि त्या लढाईत राजाच हरतो. न्यिकांग त्याला पकडतो, मग न्यिकांगचा आत्मा त्याच्यात संचारतो, आणि तेव्हा कोठे तो राजा होतो. राज्य मिळण्यापूर्वी आपल्या लोकांच्या पूर्वजाकडून पराभूत व्हावे लागते, अशी ही व्यवस्था. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४८ सालच्या आपल्या व्याख्यानात दाखवून दिले की हा राजा कारभार फारसा करीत नाही. तो लोकांच्या ऐक्याचे प्रतीक असतो. त्याच्याजवळ दप्तर नव्हते, फडणीस नव्हते, मोडीसारखी लिपी नव्हती. पण गुराख्याची, कोळ्याची आणि रेथची भाषा एक होती.

या दोन चित्रांत १९२८ हे वर्ष योगायोगाने सामाईक आहे. त्या वर्षी मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले. अध्यक्ष होते माधव श्रीहरी अणे. लगेच पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, ते आमच्या बेळगावास भरले, शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली. त्यानंतर १९३० मडगाव, १९३१ हैदराबाद. ग्वाल्हेर, बेळगाव, मडगाव, हैदराबाद ही चार नावे सलग वाचली की त्या वेळच्या मराठीचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि आज त्यांपैकी एकही गाव महाराष्ट्रात नाही, हेही ध्यानात येते.

त्याच १९२८ च्या एप्रिलमध्ये दक्षिण सुदानातील रेजाफ येथे भाषाविषयक परिषद भरली. सुदान सरकारचे अधिकारी होते, मिशनरी होते, सल्लागार म्हणून वेस्टरमन होते. शाळांतून कोणत्या भाषा शिकवाव्या, त्या कोणत्या लिपीत लिहाव्या, पाठ्यपुस्तके कशी करावी, हा तिचा विषय. दिन्का, नुएर, बारी, झांदे इत्यादी नऊ भाषा निवडल्या गेल्या; त्यांत शिलुक होती. इंग्रजांचा यातील हेतू निर्मळ नव्हता, दक्षिणेला अरबीपासून दूर राखण्याचे राजकारण त्यात होते. तरीही निष्पत्ती पाहा. रेजाफमधून निघाली ती शाळेच्या वर्गाची तरतूद. ग्वाल्हेरच्या संमेलनाला कमी लेखावयाचे नाही. परंतु संमेलन संपले की पाहुणे पुण्या-मुंबईला परततात, आणि सोमवारी मुलगा कोणत्या शाळेत जातो, हा प्रश्न गावातच उरतो.

ग्वाल्हेरच्या मातीतील मराठी मंडळींचे कर्तृत्व लहान नाही. भा. रा. तांबे १८७३ साली संस्थानातील मुंगावलीस जन्मले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरातच निवर्तले. मराठी भावगीताला त्यांनी जे वळण दिले, ते हिंदी मुलखात राहून दिले. हद्दू-हस्सू खाँच्या गायकीचे पाणी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणले, आणि कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये लष्करात गांधर्व महाविद्यालय काढून ते तेथेही वाहते ठेवले. गाण्याला मात्र भाषेची वेस आडवी येत नाही. मराठी गवई व्रजभाषेतील बंदिश गातो आणि कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. त्यामुळे गायकी टिकली म्हणून भाषा टिकली, असे समजण्याचे कारण नाही.

आम्हांला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो तो मुक्तिबोधांच्या घरचा दाखला. वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. थोरले गजानन माधव १३ नोव्हेंबर १९१७ रोजी संस्थानातील श्योपूर येथे जन्मले. धाकटे शरच्चंद्र १९२१ चे. घरची भाषा मराठी. थोरल्याने हिंदीत लिहिले आणि आधुनिक हिंदी कवितेचा तो एक आधारस्तंभ झाला. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्याचा संग्रह १९६४ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी निघाला. धाकट्याने मराठीत लिहिले. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी त्यास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि उज्जैनच्या नदीचे नाव त्याने आपल्या एका कादंबरीला दिले, 'क्षिप्रा'. एकाच चुलीवर जेवलेले दोन भाऊ, दोन भाषांचे मानकरी! थोरल्याने मराठीशी द्रोह केला, असे म्हणणाऱ्याशी आम्ही वाद घालू. त्याच्या भोवतीचे जग हिंदी बोलत होते. तो त्या जगाशी बोलला. पण हिशेब हिशेबाच्या जागी ठेवावा लागतो. पुढच्या पिढीच्या बाजूने पाहिले, तर अशा शंभर घरांतून हिंदीकडे वळणारी वाट रुंद होत गेली आणि मराठीकडे वळणारी अरुंद.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला आणि जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६. ही तारीख सीमाभागात कोणाला सांगावी लागत नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ७ ने चंदगड वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच कायद्याच्या कलम ९ ने मध्यभारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला. आम्ही हा कायदा शेकडो वेळा उघडला असेल. पण कलम ७ वाचून मिटून ठेवण्याची सवय. दोन कलमांपलीकडे आपलेच भाऊबंद त्याच दिवशी भाषिक अल्पसंख्य म्हणून नव्या राज्यात दाखल होत होते, हे फार उशिरा जाणवले. त्यांच्यासाठी कोणी सत्याग्रह केला नाही, आणि त्यांनीही तो मागितला नाही. मागता आलाही नसता. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी माणूस महाराष्ट्राला लागून असलेल्या सलग मुलखात राहतो, शेत कसतो. लष्करचा मराठी माणूस दरबाराबरोबर आलेला. भोवती कोसच्या कोस मराठी गाव नाही. आमचा २००४ चा मूळ दावा अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात उभा आहे, तो या मुलखाच्या बळावर. ग्वाल्हेरला असा दावा स्वप्नातही शक्य नव्हता. १९६१ मध्ये तेथे पुन्हा संमेलन भरले. कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने प्रथमच एक स्त्री अध्यक्षपदी बसली. तो मान ग्वाल्हेरच्या मांडवाचा आहे.

१९५६ च्या पहिल्याच दिवशी सुदानही स्वतंत्र झाला होता. पुढच्या वर्षापासून दक्षिणेतील मिशनच्या शाळा सरकारने ताब्यात घेण्यास आरंभ केला, आणि अरबीचा आग्रह सुरू झाला. शिलुक भाषेला खार्तुमच्या राज्यात स्थान नव्हते. तिचे स्थान नदीकाठच्या वस्त्यांत होते. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला, तेव्हा त्याच्या संविधानाने सर्व देशी भाषांना राष्ट्रीय भाषा म्हटले आणि कारभाराची भाषा मात्र इंग्रजी ठेवली. डिसेंबर २०१३ नंतरच्या यादवीत मलाकाल उद्ध्वस्त झाले, शिलुक मोठ्या संख्येने विस्थापित होऊन छावण्यांत गेले. न्यिकांगच्या भाषेला आजवर जे आव्हान सरकारी हुकमाने देता आले नव्हते, ते गाव उठल्याने दिले आहे. राजा आहे, विधी आहे. प्रश्न आहे तो भाषा बोलणारी घरे एकमेकांशेजारी राहतील की नाही, हा.

आता आमच्याकडे पाहू. आमची मराठी कानडी हेल घेऊन बोलते, 'काय करूलालाय' म्हणते, म्हणून पुण्यात तिला हसतात. हिंदी मुलखातला मराठी माणूस 'येऊन राहिलो आहे' म्हणतो, त्यालाही हसतात. दोन्ही शेजारधर्माच्या खुणा आहेत आणि आम्हांला त्यांची लाज नाही. चिंता निराळी आहे. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्येच अनुच्छेद ३५० अ घटनेत आला: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय. ती सोय केव्हा द्यावी, याचे माप त्याआधी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने घातले होते: शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले. आम्ही आजवर या अनुच्छेदाचा उपयोग सरकारविरुद्ध केला, आणि तो करीतच राहू. मराठी परिपत्रके, मराठी फलक, मराठी शिक्षक यांसाठी भांडणे आमचे कामच आहे. पण ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक राज्याच्या भाषाधोरणाविरुद्ध निकाल दिला, त्यात असे ठरले की मुलाची मातृभाषा कोणती हे पालकाने ठरवावयाचे, आणि शासनाला मातृभाषेचे माध्यमही लादता येणार नाही. निकालाचा आनंद आमच्यातील पुष्कळांना झाला. कानडीची सक्ती गेली, असे वाटले. परंतु त्या निकालाने चेंडू आमच्याच अंगणात येऊन पडला आहे. ग्वाल्हेरच्या वाड्यांतील मराठी कोणी हिसकावली नाही. ती पालकांनी, एकेका घरात, मोठ्या समजुतीने आणि कसलाही गाजावाजा न करता बाजूला ठेवली.

म्हणून यंदा आम्ही एक साधे काम हाती घेतले आहे. तालुक्यातील प्रत्येक मराठी प्राथमिक शाळेचा पहिलीचा पट आम्ही उतरवून घेत आहोत, आणि ज्या वर्गांत दहापेक्षा कमी नावे आहेत, ते तांबड्या शाईने. यादीबरोबर आणखी एक रकाना ठेवला आहे: चळवळीच्या कार्यकर्त्यांची स्वतःची मुले व नातवंडे कोणत्या माध्यमात आहेत. पहिली नोंद आमच्या घरची आहे, आणि ती इंग्रजी माध्यमाची आहे.